झाकणबाईंची तार

मी एक जुनी तार आहे. पोस्टाने यायची ती तार नव्हे. ती दारात आली की माणसे वाचायच्या आधीच रडायला लागत. माझ्यामुळे आजवर फक्त बोटे रडली आहेत. मी सतारीची नव्हे आणि विजेचीही नव्हे. हॉटेलात गल्ल्याशेजारी लाकडी ठोकळ्यावर सरळ उभी असते, वर टोक असते, जिच्यावर ऑर्डरच्या चिठ्ठ्या टोचून ठेवतात, ती मी.

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. आता ऑर्डर यंत्रावर घेतात आणि ती यंत्रातच विरून जाते. माझ्या काळी ऑर्डर कागदावर यायची आणि काम झाले की पोटात भोक पाडून ती माझ्या अंगावर चढवली जायची. असे पोतीभर कागद माझ्या अंगावरून गेले. मध्यंतरी त्या कागदांवरून मोठा वाद झाला. कागद शहराचे आहेत, असे शहरातले लोक म्हणत होते. कागद माझे आहेत, असे एक म्हातारा आचारी म्हणत होता. कागदाला दोन बाजू असतात, एवढ्या साध्या गोष्टीवरून तो वाद पेटला होता. त्याचीच ही हकीगत.

मी आधी एका बादलीची कडी होते. बादली गळायला लागली तेव्हा आचाऱ्याने मला उपटले, ठोकून सरळ केले, दगडावर घासून टोक काढले. मग भाजी चिरायच्या फळीचा एक तुटका कोपरा घेऊन त्यात मला उभी केली. त्या फळीवर वर्षानुवर्षे कांदा चिरला गेला होता, त्यामुळे माझ्या पायांना अजून कांद्याचा वास येतो. चार लोकांत उभे राहताना आधी संकोच वाटायचा. आता वाटत नाही.

टोक नीट निघाले का ते बघायला आचाऱ्याने त्यावर बोट दाबले. नीट निघाले होते. रक्ताचा थेंब गल्ल्यावरच्या एका चिठ्ठीवर पडला.

"अहो, ते रक्त पुसा आधी," बाई म्हणाल्या. "ऑम्लेटची चिठ्ठी आहे ती. टोमॅटो घातलाय असं वाटेल लोकांना."

बाई म्हणजे हॉटेलच्या मालकीण. हॉटेल त्यांच्या वडिलांचे, चौकाच्या तोंडाशी होते. आचारी म्हणजे बाईंचे यजमान. पण हॉटेलचे दार उघडे असेपर्यंत ते नवराबायको नसत. तो त्यांना "बाई" म्हणे आणि त्या त्याला "आचारी" म्हणत. दार बंद झाले की "अहो" आणि "अगं" सुरू. घरातले भांडण ऑम्लेटात उतरू नये म्हणून बाईंनी हा नियम केला होता. तरी कधीकधी ते उतरायचे. गिऱ्हाइकांना ते चवीवरून कळायचे, पण ती बिचारी गप्प राहायची.

गल्ला आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीला एक चौकोनी खिडकी होती. बाई चिठ्ठी लिहून खिडकीत ठेवत, आचारी चिठ्ठी घेई आणि पदार्थासोबत ती परत पाठवी. मग ती माझ्याकडे येई. छापखान्यात कागद कातरल्यावर उरलेल्या पट्ट्या बाई आणत आणि त्यांच्या चिठ्ठ्या करत. एका बाजूला शिसपेन्सिलीने ऑर्डर, दुसरी बाजू कोरी.

दिवसाची पहिली चिठ्ठी मात्र ऑर्डरची नसे. दार उघडण्याआधी आचारी वाटीभर सूप बाईंकडे पाठवी. बाई चाखत आणि चिठ्ठीवर एकच शब्द लिहून खिडकीत ठेवत. "मीठ!"

मीठ जास्त आहे की कमी, हे त्या कधी लिहीत नसत. "चुकून गिऱ्हाइकाच्या हातात पडली चिठ्ठी तर? आपल्याकडं मीठ जास्त पडतं, हे काय लेखी द्यायचं?" त्यामुळे चिठ्ठी मिळाली की आचारी खिडकीतून डोके काढून बाईंच्या डोळ्यांकडे बघायचा. बाई छताकडे बघत असल्या तर मीठ जास्त. फरशीकडे बघत असल्या तर कमी. आणि सरळ आचाऱ्याकडे बघत असल्या तर बरोबर, मग दार उघडायचे.

"मग डोळ्यांनीच सांगा की," एकदा आचारी म्हणाला. "रोज तोच शब्द लिहून कागद कशाला घालवता?"

"लिहिलं नाही तर तुम्ही मान वर कुठं करता?" बाई म्हणाल्या.

हे मी मुद्दाम नीट सांगून ठेवले आहे. पुढे लागणार आहे.

आता गटाराकडे वळू. हॉटेलसमोर चौकात एक गटार होते आणि त्याचे झाकण कुणीतरी कधीतरी पळवले होते. आधी पोस्टमन सायकलसकट आत गेला. मग बँडमधला एक जण कर्णा वाजवत वाजवत आत गेला आणि आत गेल्यावरही थोडा वेळ वाजवत राहिला. ज्याला त्याला बाहेर काढायचे, अंगावर पाणी ओतायचे आणि चहा पाजायचा, हे काम हॉटेलकडे आले. बाई तक्रार करायला पालिकेच्या कचेरीत गेल्या.

"तोंडी चालत नाही, बाई," तिथला कारकून म्हणाला. "लेखी द्या."

बाई परत आल्या आणि गर्दीच्या वेळी गल्ल्यावर उभ्या राहूनच त्यांनी तक्रार लिहिली. कागद हाताशी होता तो चिठ्ठीचा, आणि भाषा सवयीची होती ती ऑर्डरची. "चौकातल्या गटाराला झाकण नाही. मोठं हवं. आजच्या आज द्या. माणसं पडताहेत." शेजारी शिंप्याच्या ऑर्डरची चिठ्ठी पडली होती. कचेरीतला शिपाई चहा पिऊन निघाला होता. बाईंनी एक चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि एक खिडकीत ठेवली.

खिडकीतून डोके बाहेर आले. "बाई, मोठं म्हणजे केवढं?"

"नेहमीचं," बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत म्हणाल्या.

"आजच्या आज?"

"मग काय उद्या? माणसं ताटकळलीत, आचारी!"

डोके आत गेले. थोड्या वेळाने खिडकीतून भाताच्या मोठ्या पातेल्याचे झाकण बाहेर आले. गडबडीत बाईंनी ते तसेच उचलून शिंप्यापुढे ठेवले.

"आज झाकून दिलंय, वा!" शिंपी म्हणाला आणि त्याने झाकण उचलले. खाली टेबल होते.

"अहो!" बाई ओरडल्या. दार उघडे असताना "अहो" म्हणजे प्रकरण गंभीर. "हे काय पाठवलंत?"

"तुम्ही लिहिलंत तेच," आचाऱ्याने चिठ्ठी बाहेर धरली. "माणसं पडताहेत म्हणालात, म्हटलं भात उघडा राहिला तरी चालेल."

बाईंनी चिठ्ठी वाचली. मग झाकणाकडे बघितले. मग दारातून गटाराकडे बघितले. आणि काही न बोलता झाकण काखेत मारून त्या बाहेर गेल्या. मित्रांनो, मी गल्ल्यावरून सगळे पाहिले. ते झाकण त्या गटारावर असे बसले, की जणू माप घेऊनच केले होते. चौकातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून बाईंचे नाव झाकणबाई पडले.

इकडे कचेरीत काय झाले? तिथे पोचली होती शिंप्याची चिठ्ठी. "दोन ऑम्लेट. एकात मिरची नको. टोस्ट कडक. शिंप्याला घाई आहे." कारकुनाने न वाचता तिला आवक क्रमांक दिला. अंडे दिसल्यामुळे ती आरोग्य विभागात गेली. मिरचीमुळे बाजार विभागात गेली. शिंप्यामुळे शिपायांच्या गणवेशाचे बघणाऱ्या भांडार विभागात गेली. शेवटी सगळ्यांनी हात झटकल्यावर ती गटार विभागाच्या साहेबांकडे आली. तिथून ती परत आली तेव्हा तिच्यावर इतके गोल शिक्के होते, की तीच ऑम्लेटासारखी दिसत होती. मागच्या कोऱ्या बाजूवर साहेबांच्या सुबक अक्षरात शेरा होता. "विषय स्पष्ट नाही. अर्जदाराने जागेचा नकाशा जोडावा."

शिंपी तोवर जेवूनही गेला होता.

बाईंनी तो शेरा आचाऱ्याला वाचून दाखवला. आचारी हसून हसून खाली बसला. बाई हसल्या नाहीत. चिठ्ठी उलटसुलट करून बघत राहिल्या.

"मागची बाजू कोरी असते हे माझ्या लक्षातच नव्हतं आलं," त्या म्हणाल्या. "त्यांना लिहिता येतं, तर मलाही येतं."

तेव्हापासून बाई शहराबद्दलचे सगळे लिखाण वापरलेल्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर करायला लागल्या. कचेरीला पाठवायचा अर्ज आधी तिथे उतरे, मग चांगल्या कागदावर जाई. चिठ्ठी पुन्हा माझ्याकडे येई. मी तेव्हापासून दोन्ही बाजू पोटात ठेवून उभी आहे.

काही दिवसांनी गटारसाहेब स्वतः आले. हातात नोटीस होती. सार्वजनिक गटारावर विनापरवाना खासगी झाकण बसवले, म्हणून झाकण जप्त.

"जरूर न्या," बाई म्हणाल्या. "तुमचं आणलंय ना?"

"ते मागाहून येईल. आधी हे निघालं पाहिजे. त्याशिवाय जागा रिकामी आहे असं कसं लिहायचं?"

बरोबरच्या माणसाने झाकण उचलून गाडीवर टाकले. साहेबांनी कागद काढला, पेन काढले, आणि सगळी जागा एका नजरेत यावी म्हणून ते जरा मागे सरकले. तेवढ्यात ते दिसेनासे झाले. फक्त पेन वर राहिले.

आचाऱ्याने त्यांना हात देऊन बाहेर काढले, ऊन पाण्याने आंघोळ घातली, आपला सदरा दिला आणि पुढ्यात ऑम्लेट ठेवले. मिरची घालू का, म्हणून बाईंनी स्वतः विचारले.

"आणि साहेब, जागेचा नकाशा आता जोडायला नको ना?"

साहेब मान खाली घालून खात राहिले. त्याच आठवड्यात लोखंडी झाकण आले आणि ते अजून तिथे आहे. आमचे झाकण मात्र जप्तीच्या कोठारातच राहिले. त्याच्या सुटकेसाठी बाईंनी पुढे कितीतरी अर्ज केले. त्या हॉटेलात भातावर पुढे कायम परात पालथी घातली जायची.

लोकांना कळले, की या बाईला सांगितले की काहीतरी हलते. चहा प्यायला येणारी माणसे चहाबरोबर गाऱ्हाणी सांगू लागली. गल्लीत दिवा नाही, सार्वजनिक नळाला पाणी नाही, बाजारात बायकांना जायला जागा नाही. बाई ऐकत, लिहीत आणि टोचत. टोचताना त्या जागा बघत नसत. त्यामुळे काही शब्द माझ्यामुळे कायमचे गेले आहेत. एका चिठ्ठीवर "शाळेसमोर दिवा नाही" असे होते, त्यातला "नाही" मी खाल्ला. ती वाचणाऱ्याला वाटते, शाळेसमोर दिवा आहे. आता खरेच आहे म्हणा.

शेवटी लोकांनी बाईंना निवडून पालिकेत पाठवले. त्या मलाही बरोबर घेऊन गेल्या. पहिल्याच सभेत एका सदस्याने हरकत घेतली, की सभागृहात टोकदार हत्यार आणता येत नाही. बरीच चर्चा झाली. मग ठरले, की माझ्या टोकाला बाटलीचे बूच लावायचे. अशी मी वर्षानुवर्षे सभागृहात तोंडाला बूच लावून बसले. तसे बसणारी तिथे मी एकटीच होते. बाकीच्यांनाही लावायला हवे होते, असे बाई घरी येऊन म्हणत.

सभेतही त्या गल्ल्यावर असल्यासारख्याच बोलत. "नळाची ऑर्डर देऊन पाऊस येऊन गेला, अजून ताट आलं नाही," असे त्या पाण्याच्या साहेबांना सांगत. साहेब चुळबुळ करत. पण ताट यायचे.

या काळात गल्ला आणि चूल दोन्ही आचारीच बघे. सभेला तो कधी गेला नाही. "मला त्यातलं कळत नाही," म्हणायचा. कुरकुर मात्र करायचा.

"सगळ्या शहराची गटारं दिसतात तुला, अगं," तो एकदा दार बंद झाल्यावर म्हणाला. "आपल्या मोरीचं पाणी तुंबलंय ते दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी खिडकीत चिठ्ठी आली. "मोरी. विषय मंजूर. अंमलबजावणी आचाऱ्याने करावी." त्याने केली. ती चिठ्ठीही माझ्या अंगावर होती.

कितीही सभा असली तरी सकाळचे सूप चाखल्याशिवाय बाई बाहेर पडत नसत. एकदा गडबडीत त्या मला घेऊन, बूच लावून, पार चौकापर्यंत गेल्या आणि मागे फिरल्या. दारातून खिडकीकडे नुसते सरळ बघितले आणि पुन्हा निघाल्या. सभा सुरू व्हायला त्या दिवशी उशीर झाला. कारण सभागृहात कुणाला कळले नाही.

मित्रांनो, चांगले दिवस सांगायला सोपे असतात. पुढे बाईंच्या लेकीने हॉटेल हाती घेतले आणि ऑर्डरचे यंत्र आले. मी भरले की चिठ्ठ्या दोऱ्यात ओवून पिठाच्या रिकाम्या डब्यांत जायच्या. ते डबे माळ्यावर गेले. शेवटच्या चिठ्ठ्या तेवढ्या माझ्यावर राहिल्या आणि मी स्वयंपाकघरातल्या फळीवर. माझे कुणाला काही वाटेना. जावईबापूंनी एकदा माझ्यावर उकडलेला बटाटा टोचून ठेवला, निवायला. ज्या टोकाला सभागृह घाबरले, त्यावर बटाटा! मी काय बोलणार? बूच काढलेले होते, तरी काही बोलले नाही.

मग बाई आजारी पडल्या. इस्पितळात त्यांना तिथले जेवण जाईना. आचारी रोज सूप करून लेकीबरोबर डब्यात पाठवी. एका संध्याकाळी रिकाम्या डब्यात एक चिठ्ठी आली. औषधाच्या वेष्टनाच्या तुकड्यावर, वाकड्यातिकड्या अक्षरात, एकच शब्द. "मीठ!"

आचाऱ्याने खिडकीकडे बघितले. खिडकीपलीकडे लेक यंत्रावर बोटे चालवत होती. त्याने सदरा बदलला आणि तो इस्पितळात गेला. बाईंना नुकतीच झोप लागली होती. त्याने उठवले नाही. उद्या विचारू म्हणाला. रात्रीतच त्या गेल्या.

हे मला त्याच्या तोंडून कळले. तो भांडी पुसताना बोलतो. कुणाशी बोलतो ते मी विचारत नाही. जास्त होतं की कमी, एवढेच तो विचारायचा. ती चिठ्ठी त्याने माझ्यावर सगळ्यांत वर टोचली, आणि तिच्यावर दुसरी चढू दिली नाही.

मग वाचनालयाची माणसे आली. शहराच्या वाचनालयात झाकणबाईंच्या नावाने एक दालन करायचे होते आणि त्यात त्यांचे कागद ठेवायचे होते. समितीचे अध्यक्ष होते आपले गटारसाहेब. आता निवृत्त झाले होते, केस पांढरे झाले होते, पण अक्षर तेवढेच सुबक. कागद लावायचे काम एका हुशार मुलीकडे होते. तिला सगळे संग्रहवाली म्हणत. तिने हातमोजे घालून माळ्यावरचे डबे उघडले आणि पिठामुळे तिला शिंका सुरू झाल्या, त्या काम संपेपर्यंत थांबल्या नाहीत.

एके दिवशी ती मोठ्या उत्साहाने आचाऱ्याकडे आली. "काका, एक विचारायचं होतं. बाईंच्या कागदांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो. 'मीठ!' पुढं उद्गारचिन्ह. हे मिठावरच्या कराविरुद्धचं आंदोलन होतं का? की सांकेतिक शब्द? म्हणजे 'मीठ' म्हटलं की सगळ्यांनी एकत्र जमायचं, असं काही?"

आचाऱ्याने तिला छत, फरशी आणि सरळ, तिन्ही करून दाखवले. मग तिने वहीतली आंदोलनाबद्दलची सगळी पाने शांतपणे फाडली.

वाद झाला तो पुढे. समितीने ठरवले, की चिठ्ठ्या जाड पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवायच्या, शहराच्या कामाची बाजू वर, आणि भिंतीवर लावायच्या. साहेबांनी ते येऊन सांगितले.

"आणि मागची बाजू?" आचारी म्हणाला.

"मागं काय आहे? दोन चहा, एक ऑम्लेट. एवढ्या मोठ्या बाईंच्या दालनात ऑम्लेट शोभेल का?"

"तुम्हाला शोभलं होतं, साहेब. माझ्या सदऱ्यात बसून खाल्लं होतंत."

साहेब लाल झाले. "अहो, आणि सगळ्या कागदांना मधोमध भोक आहे! पुठ्ठा लावला नाही तर टिकणार कसे?"

"मग नका नेऊ. मी देत नाही."

"बाबा," लेक म्हणाली, "कागद दिले नाहीत तर दालन होणार नाही. आईचं नाव लागणार नाही कुठं. एका बाजूसाठी अडवून धरणार का?"

आचारी ओट्याशी पाठमोरा उभा राहिला. बराच वेळ त्याने एकच पातेले पुसले.

"शहराला तिनं जे लिहिलं ते शहरानं घ्यावं," तो म्हणाला. "मी नाही कुठं म्हणतोय? पण मला तिनं कधी पत्र लिहिलं नाही गं. एका घरात, एका खिडकीच्या दोन बाजूंना होतो, कशाला लिहील? जे लिहिलं ते हेच. कांदा कमी. टोस्ट कडक. मीठ. त्याला डिंक लावायचा?"

संग्रहवालीला एक शिंक आली. मग तिने माझ्याकडे बघितले आणि मला उचलून वरच्या चिठ्ठीला बोटाने हलकेच ढकलले. चिठ्ठी माझ्याभोवती गोल फिरली. एकदा ही बाजू, एकदा ती.

"भोक आहेच की," ती म्हणाली. "चिकटवायचं कशाला? दालनात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तारा ओढू आणि चिठ्ठ्या त्यात ओवू. प्रत्येकीच्या मध्ये एक मणी. ज्याला जी बाजू वाचायची ती त्यानं वळवून वाचावी."

जन्मभर ज्या भोकाबद्दल मला बोल लागला, त्यानेच शेवटी काम केले. मला किती बरे वाटले ते सांगता येत नाही.

साहेबांनी समितीची सभा घ्यावी लागेल, नियम बघावे लागतील, असे दोनतीनदा म्हणून पाहिले. मग सहज म्हणून त्यांनी डब्यातली एक चिठ्ठी उचलली. ती नेमकी गोल शिक्क्यांची निघाली. त्यांनी ती उलटली आणि आपलेच सुबक अक्षर मोठ्याने वाचले. "विषय स्पष्ट नाही." आणि ते हसायला लागले. हसून हसून त्यांना ठसका लागला, तेव्हा आचाऱ्यानेच पाणी दिले.

"पडलो म्हणून स्पष्ट झाला हो," साहेब डोळे पुसत म्हणाले. "लावा तारा."

दालन उघडले त्या दिवशी मीही गेले. माझे पाय लिंबाने घासले होते, तरी कांद्याचा वास गेला नव्हता. भाषणे झाली. साहेब भाषण करायला उठले ते काखेत काहीतरी मोठे, कागदात गुंडाळलेले घेऊन. त्यांनी ते सोडले तर आत भाताच्या पातेल्याचे झाकण. "बाईंच्या अर्जाचा निकाल लागला आहे," ते म्हणाले. "जप्ती उठवली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आचाऱ्याने झाकणावरून हात फिरवला. "आता एवढा भात कुठं लागतो?" तो म्हणाला, पण हळू.

पाहुणे तारांवरच्या चिठ्ठ्या फिरवून वाचू लागले. शहराच्या कामाची बाजू लोक वाचत होते, माना डोलावत होते. ऑम्लेटची बाजू वाचताना मात्र एकमेकांना हाका मारत होते.

चहासाठी सगळे बाहेर गेले, तेव्हा आचारी एकटाच मागे राहिला. समोरच्या भिंतीवर बाईंचा मोठा फोटो लावला होता, पालिकेत निवडून आल्या तेव्हाचा. फोटोवाल्याने सांगितले असणार, सरळ बघा. हे आचाऱ्यालाही कळत होते. तरी सकाळीच माझ्यावरून उतरवून खिशात ठेवलेली औषधाच्या वेष्टनावरची चिठ्ठी काढून तो फोटोसमोर उभा राहिला. चिठ्ठी बघितली, मग मान वर केली. बाई छताकडे बघत नव्हत्या. फरशीकडे बघत नव्हत्या.

"म्हणजे बरोबर होतं तर," तो म्हणाला. "मग काल का नाही सांगितलंस, अगं?"

कालच्या गोष्टीला तेव्हा वर्ष होऊन गेले होते.

ती चिठ्ठी त्याने दालनाला दिली नाही. परत खिशात ठेवली. ती एकच तो घेऊन गेला.

हल्ली मी दालनाच्या दाराशी असते. शेजारी कोऱ्या चिठ्ठ्या आणि दोरी बांधलेली पेन्सिल आहे. शहरात काही बिघडले असेल तर लिहायचे आणि माझ्यावर टोचायचे, मग संग्रहवाली ते पालिकेला पाठवते. पहिली चिठ्ठी त्याच दिवशी आचाऱ्याने लिहिली. जन्मात पहिल्यांदाच त्याने ऑर्डर दिली. "वाचनालयाच्या पायरीची फरशी हलते. आजच्या आज बसवा. माणसं पडतील." टोचताना बोटही टोचून घेतले. तेच बोट.

मित्रांनो, माझी हकीगत संपली. मी लोखंडाची, मला काही फार मागायचे नाही. दालनात आलात तर चिठ्ठ्या हलक्या हाताने वळवा आणि दोन्ही बाजू वाचा. माझ्यावर बटाटा टोचू नका. आणि घरात कुणी तुम्हाला एखादाच शब्द लिहिला, किंवा नुसता तोंडाने म्हटला, तर मान वर करून त्या माणसाच्या डोळ्यांकडे बघा. लगेच बघा. उद्या विचारू, असे म्हणू नका.

आणि बाहेर पडताना पायरीवर जरा जपून. फरशी अजून हलतेच आहे. चिठ्ठी परवाच परत आली, मागे शेरा आहे की नकाशा जोडावा. आचारी सध्या तो काढत बसला आहे.